कोरस कापू नका : ग्रीक शोकांतिका बसवताना या चुका टाळा

एकांकिका स्पर्धांची लगबग सुरू झाली की मला दोन-तीन फोन हमखास येतात. "ताई, यंदा अँटिगनी करतोय. सगळं बसलंय, फक्त कोरसचं काय करायचं तेवढं सांगा." या 'फक्त'पाशी माझा जीव अडकतो. कोरस म्हणजे ग्रीक नाटकात गाणारा, नाचणारा आणि पात्रांशी बोलणारा माणसांचा गट. आणि सोफोक्लीजच्या 'अँटिगनी'ची गोष्ट थोडक्यात अशी: थीब्सचा राजा क्रेऑन आपल्या बंडखोर भाच्याच्या प्रेताला माती द्यायला बंदी करतो, त्या भाच्याची बहीण अँटिगनी ती मोडते आणि क्रेऑन तिला जिवंत गुहेत कोंडतो.

प्राचीन अथेन्समधल्या नाटककाराला दायोनिसस या देवाच्या उत्सवात नाटक करायचं असेल, तर तो आर्कनकडे, म्हणजे त्या वर्षीच्या मुख्य अधिकाऱ्याकडे, 'कोरस मागत' असे. होकार आला की लोक म्हणत, त्याला कोरस मिळाला. आर्कन पदावर आल्याआल्या जी कामं हातावेगळी करी, त्यात कोरसचा खर्च उचलणारे श्रीमंत नागरिक नेमणं हे एक काम असे. या नागरिकाला कोरेगोस म्हणत. इ.स.पू. ४७२ मध्ये नाटककार एस्किलसच्या 'पर्शियन्स'चा कोरेगोस होता तरुण पेरिक्लीज, पुढे अथेन्सचा मोठा नेता झालेला. आणि नाटककाराला 'शिक्षक' म्हणायची पद्धत होती, कारण कोरसला गाणं आणि नाच शिकवणं हे त्याचंच काम मानलं जाई. कोरस ठरल्याशिवाय नाटक उभंच राहत नसे. आपण आधी नायक-नायिका बसवतो, मग प्रकाशयोजना, मग कपडे, आणि शेवटच्या आठ दिवसांत गावभरची रिकामी मुलं गोळा करून त्यांना म्हणतो, तुम्ही कोरस.

वेळ वाचवायला कोरस कापणं

मला सगळ्यात जास्त त्रास देणारी चूक हीच. स्पर्धेला तास मिळतो म्हणून आधी गाणी जातात. मग उरलेल्या ओळी एखाद्या सेवकाला वाटून देतात, नाहीतर रेकॉर्ड करून वाजवतात.

काही वर्षांपूर्वी एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला मी परीक्षक होते. मुलं मेहनती होती. अँटिगनी करणाऱ्या मुलीच्या पहिल्याच वाक्याला सभागृह गप्प झालं होतं. क्रेऑनही चांगला तयारीचा होता. कोरस मात्र नव्हता. त्याच्या जागी स्पीकरमधून एक घुमणारा आवाज येई, मागे तानपुरा. पहिली चाळीस मिनिटं निभावली. मग आंधळा टायरिसियस येऊन भविष्य सांगून गेला आणि तोवर ताठ असलेला क्रेऑन हादरला. मूळ नाटकात तो इथे थीब्सच्या म्हाताऱ्यांकडे, म्हणजे कोरसकडे, वळतो आणि विचारतो, मी काय करू, सांगा, मी ऐकेन. तोवर ज्याने जवळजवळ कुणाचंच ऐकलं नाही, पोटच्या मुलाचंही नाही, तो माणूस हे विचारतो. या मुलाने ते छताकडे बघून विचारलं. साउंडवाल्याचा क्यू चुकला, त्यामुळे दोन-तीन सेकंद काहीच झालं नाही. मग वरून आवाज आला, "जा, मुलीला सोडव." मागच्या रांगांत हसू फुटलं, ते शेवटपर्यंत आवरलं नाही. क्रेऑनच्या हातात मेलेला मुलगा होता आणि लोक हसत होते.

प्रयोगानंतर तो मुलगा विंगेत रडत बसला होता. आपला अभिनय कमी पडला, असं त्याला वाटत होतं. मी त्याला सांगितलं, बाळा, तुझं काही चुकलं नाही. ज्याच्याकडे वळायचं तो माणूसच तुला दिला नव्हता.

सोफोक्लीज हे वळण पहिल्या प्रवेशापासून कसं रचत आणतो, ते संहिता उघडून बघा. क्रेऑनने या म्हाताऱ्यांना मुद्दाम बोलावून घेतलंय. लायस, मग इडिपस, मग त्याचे मुलगे, एवढ्या राजवटींशी ते इमान राखून आहेत. तो म्हणतो, माझ्या हुकुमाची राखण करा. ते लगेच अंग काढून घेतात: हे ओझं एखाद्या तरुणावर टाक. प्रेतावर कुणीतरी माती टाकल्याची बातमी येते, तेव्हा त्यांचा म्होरक्या चाचरत म्हणतो, हे देवांचं काम तर नसेल? क्रेऑन कडाडतो, गप्प बसा, नाहीतर म्हातारे तर आहातच, मूर्खही ठराल. त्यानंतर बराच वेळ ते जपून बोलतात. अँटिगनी मरायला निघते तेव्हा तर तिलाच सुनावतात, की तू धाडसाच्या टोकाला गेलीस आणि न्यायाच्या सिंहासनावर आपटलीस. पण त्याआधी एक छोटा प्रश्न विचारून ते अँटिगनीच्या बहिणीचा, इस्मेनीचा, जीव वाचवून गेलेले असतात: दोघींनाही मारणार आहेस? क्रेऑन थबकतो आणि म्हणतो, नाही, जिचा हात लागला नाही तिला नाही.

अशी भ्यालेली, पिकलेली, आपल्याच राजापुढे मान खाली घालणारी माणसं शेवटी तोंड उघडतात आणि नेमकं सांगतात: जा, आधी मुलीला गुहेतून सोडव, मग त्या उघड्या प्रेताला थडगं बांध. क्रेऑन निघतो, पण क्रम उलटा करतो. आधी प्रेताचे संस्कार उरकतो, मग गुहेकडे जातो. तोवर अँटिगनीने गळफास घेतलेला असतो, आणि तिच्यापाठी क्रेऑनचा मुलगाही जीव देतो. नाटकाचा सगळा घात या उलट्या क्रमात आहे आणि सुलटा क्रम कोरसच्या तोंडी आहे. कोरस कापलात की क्रेऑनला नुसता 'उशीर झाला' एवढंच उरतं.

माझी सवय सांगते. वेळ कमी असेल तर मी गाण्याची कडवी कमी करते, पण कोरसच्या संवादाची एकही ओळ काढत नाही आणि कोरसला एक क्षणही रंगमंचावरून हलवत नाही. आणि तालमीच्या पहिल्या दिवशी कोरसमधल्या प्रत्येकाला स्वतःच्या हाताने एक पान लिहायला लावते: तुझं वय काय, तू किती राजे पाहिलेस, घरी कोण आहे, आज इथे यायला कुणी सांगितलं, उद्या सकाळी तुला काय भोगावं लागेल. मोबाइलवर टाइप केलेलं मी घेत नाही. घाईची मुलं कुरकुर करतात, म्हणतात आम्हाला तर नावही नाही, लिहायचं काय. नाव नाही म्हणूनच लिहायचं.

कोरसला सूत्रधार समजणं

आपल्याकडे ही चूक होणं साहजिक आहे. संस्कृत नाटकाने सूत्रधार दिला, तमाशा-दशावताराने गोष्ट सांगत सांगत खेळ करायची सवय लावली, आणि पोवाडा ऐकलेला प्रत्येकजण झीलकरी ओळखतो. त्यामुळे 'कोरस म्हणजे ग्रीकांचा सूत्रधार' असं वाक्य वर्गात सर्रास ऐकू येतं. मला ते पटत नाही, आणि कारण सोपं आहे. सूत्रधाराला गोष्ट ठाऊक असते. कोरसला नसते. झीलकरी शाहिराची ओळ उचलून धरतो. कोरस राजाची ओळ उचलेल, टाळेल किंवा तिला आडवा जाईल, ते त्याच्या भीतीवर आणि गरजेवर ठरतं.

युरोपातही यावरून गोंधळ झाला आहे. ऑगस्ट श्लेगेल या जर्मन समीक्षकाने कोरसला 'आदर्श प्रेक्षक' म्हटलं आणि तो शब्द आजही परीक्षेच्या नोट्समध्ये ठाण मांडून आहे. १८७२ मध्ये जर्मन तत्त्वज्ञ नीत्शेने त्यावर घेतलेला आक्षेप मला दिग्दर्शक म्हणून फार उपयोगी वाटतो. प्रेक्षकाला माहीत असतं की समोर नाटक आहे. पण देवांनी खडकाला जखडलेल्या प्रॉमिथियसपाशी आलेल्या सागरकन्यांना समोर खराखुरा प्रॉमिथियस दिसत असतो. त्या बघायला आलेल्या नाहीत, भेटायला आल्यात.

अ‍ॅरिस्टॉटलही हेच सांगून गेलाय: कोरसला नटांपैकी एक माना, तो संपूर्णाचा भाग असू द्या, सोफोक्लीजसारखा, त्याच काळातल्या नाटककार युरिपिडीजसारखा नव्हे. आणि पुढे तक्रार करतो, की नंतरच्या लोकांची गाणी कुठल्याही नाटकात चिकटवावीत अशी भरीची झाली आणि ती पद्धत आगाथॉन या नाटककाराने सुरू केली. युरिपिडीजबद्दलचं त्याचं मत मला जरा अन्यायाचं वाटतं, पण भरीच्या गाण्यांबद्दल मी पूर्ण त्याच्या बाजूने आहे.

कोरस फक्त बोलतो, काही करत नाही, असं म्हणणाऱ्यांना मी एस्किलसच्या 'ओरेस्टिया' या तीन नाटकांच्या मालिकेचा दुसरा भाग वाचायला देते. राणीने प्रियकर एजिस्थसच्या साथीने राजाला मारलंय आणि राजाचा मुलगा ओरेस्टिस सूड घ्यायला आलाय. तिथे कोरस आहे राजवाड्यातल्या दासींचा. राणीने म्हाताऱ्या दाईला निरोप देऊन धाडलंय, की एजिस्थसला अंगरक्षक घेऊन ये म्हणावं. दासी दाईला वाटेत थांबवतात आणि निरोप बदलायला लावतात: अंगरक्षकांचं बोलू नकोस, एकट्याला यायला सांग. तो एकटा येतो आणि मारला जातो. एवढा मोठा सूड, आणि त्याची कडी या बिननावाच्या बायकांनी सरकवलेली आहे.

ज्याँ अनुईच्या १९४४ च्या 'अँटिगनी'त कोरस म्हणून एकच माणूस येतो आणि तो गोष्ट जाणतो. ते वेगळं नाटक आहे आणि ते नाटक म्हणून चांगलं आहे. ते वाचून सोफोक्लीज बसवू नका, एवढंच.

कोरस बोलतो ते खरं, असं धरून चालणं

'इडिपस'मध्ये राणी जोकास्टाला उमगतं, की आपला नवरा इडिपस हा आपलाच मुलगा आहे, आणि ती आत निघून जाते. त्यानंतर लगेच कोरस आनंदाने गातो, की आपला राजा बहुधा एखाद्या देवाला डोंगरातल्या अप्सरेपासून झालेलं मूल असेल. पुढच्याच प्रवेशात म्हातारा धनगर खरं सांगतो. 'अँटिगनी'तही क्रेऑन गुहेकडे धावल्यावर कोरस दायोनिससला आनंदाने साद घालतो, ये, या नगरीला बरं कर, आणि गाणं संपतं न संपतं तोच दूत मृत्यूची बातमी घेऊन येतो. ही गाणी गंभीर चेहऱ्याने, पुढचं माहीत असल्यासारखी म्हणणारे कोरस मी डझनांनी पाहिलेत. मनापासून आनंदाने गा. प्रेक्षकाच्या पोटात खड्डा पडतो तो तुमच्या आनंदामुळे.

सगळं एका सुरात म्हणणं

ही माझी दुसरी नावडती चूक, आणि ही मी स्वतः केलेली आहे.

पहिल्यांदा 'अगामेम्नॉन', म्हणजे 'ओरेस्टिया'चा पहिला भाग, बसवला तेव्हा मला वाटे, कोरस म्हणजे सामूहिक आवाज, तर सगळं सगळ्यांनी मिळून म्हणायला हवं. दीड महिना मी मुलांकडून शाळेच्या प्रार्थनेसारखं एकसाथ पाठांतर करून घेतलं. आवाज छान लागला. मग आतून राजाची किंकाळी ऐकू येते तो प्रवेश आला. दाराबाहेर आर्गॉसचे म्हातारे, म्हणजे कोरस, उभे आहेत आणि आत राजाला कापलं जातंय. बारा मुलांनी एका सुरात म्हटलं, "आत्ताच आत घुसू या!" आणि बाराही जागेवर उभी राहिली, कारण पुढच्या ओळीत शंका होती. तीही त्यांनी एका सुरात घेतली. तालीम बघायला आलेल्या एका ज्येष्ठ नटाने मला बाजूला घेऊन विचारलं, ही माणसं एकमताने ठरवतात आणि एकमताने करत नाहीत, म्हणजे वेडी आहेत का?

मी रात्री परत संहिता काढली. उत्तर एस्किलसने लिहून ठेवलं होतं आणि मी ते ओलांडून गेले होते. त्या जागी कोरस फुटतो. प्रत्येकाला दोन-दोन ओळी आहेत. एकजण म्हणतो, नागरिकांना मदतीला हाका मारू. दुसरा म्हणतो, लगेच दार फोडू, रक्ताने ओली तलवार हातात असतानाच पकडू. कुणी म्हणतो, बोलून मेलेला परत येत नाही. कुणी म्हणतो, जुलूमशाहीपेक्षा मरण बरं. कुणी विचारतो, नुसत्या कण्हण्यावरून मेला कसं म्हणायचं? शेवटचा म्हणतो, आधी नक्की काय झालं ते कळू दे. आणि हे बोलणं चालू असतानाच वेळ निघून जातो. दार उघडतं आणि राणी क्लायटेम्नेस्ट्रा दोन प्रेतांपाशी उभी असते, राजाच्या आणि त्याने पकडून आणलेल्या कॅसँड्राच्या.

एकमत झालेला जमाव आत जात नाही तेव्हा तो मूर्ख दिसतो. मतं फुटलेला जमाव आत जात नाही तेव्हा तो आपल्या ओळखीचा वाटतो. या सगळ्या नाटकांत कोरस गाण्यात एक असतो, पण साध्या संवादाच्या ओळी साधारणपणे त्याचा म्होरक्या, कोरिफायोस, एकटा बोलत असावा असं अभ्यासक मानतात. म्हणजे एकसाथ बोलणं हा मूळ नियमच नाही.

त्यानंतर मी संहितेवर तीन रंगांच्या पेन्सिली वापरते. लाल म्हणजे एकटा, निळा म्हणजे दोघं-तिघं, हिरवा म्हणजे सगळे. पानावर हिरवा जास्त दिसू लागला की मी थांबते. जिथे सगळ्यांनी बोलायचं तिथे 'एक-दोन-तीन' नाही, टिचकी नाही, दिग्दर्शकाचा हात नाही. डावीकडच्याचा श्वास ऐकायचा आणि त्याच्याबरोबर घ्यायचा. याला वीस-पंचवीस दिवस जातात. ज्यांना एवढे दिवस द्यायचे नाहीत, ते आवाज रेकॉर्ड करून ओठ हलवायला सांगतात. मी अशा ठिकाणी पुन्हा शिकवायला जात नाही.

छोट्या चुका, पण रोजच्या

पन्नास माणसं हवीत, हा गैरसमज. पन्नासांचा कोरस डिथिरॅम्ब या स्तुतिगीतांचा. शोकांतिकेत आधी बारा, आणि सोफोक्लीजने ते पंधरा केले असं परंपरा सांगते. मी सातांच्या खाली जात नाही. पाच जण मित्रांचा कट्टा वाटतात.

कोरस मोठा आणि महत्त्वाचा दिसला की नाटक जुनं, हाही धोका. एस्किलसच्या 'सप्लायंट्स'मध्ये कोरसच नायिका आहे म्हणून ते सगळ्यात जुनं मानत. १९५२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पपायरसच्या तुकड्यावरून कळलं की ते सोफोक्लीजविरुद्ध स्पर्धेत उतरलं होतं. सोफोक्लीज स्पर्धेत आला तो 'पर्शियन्स'नंतर, म्हणजे हे नाटकही त्यानंतरचं.

काळे झगे आणि पांढरे मुखवटे: कृपा करून नको. कोरिंथच्या बायका, सॅलॅमिसचे खलाशी, ट्रॉयच्या पकडून नेलेल्या स्त्रिया, हे सगळे एकाच शिंप्याकडचे कसे असतील?

टाळ-मृदंग देऊन कोरसची दिंडी करणं. पंढरीची वाट धरलेल्या माणसाच्या चालण्यात जो भरवसा असतो, तो आपल्याबरोबर येतोच. थीब्सच्या म्हाताऱ्यांपाशी तो भरवसा नाही.

ऑलोसला बासरी म्हणणं. एक वादक एकाच वेळी दोन नळ्या फुंकी, आणि त्यांना पत्ती असे. जवळचं वाद्य सनईच्या घरातलं. बासरी लावलीत की सगळं गोड होतं.

'अँटिगनी'तल्या माणसावरच्या प्रसिद्ध गाण्यात 'देइनॉस' शब्दाला 'अद्भुत' म्हणून मोकळं होणं. त्या शब्दात आश्चर्य आहे आणि भयही आहे. समुद्र ओलांडणारा, जमीन नांगरणारा, भाषा शिकलेला माणूस, ज्याला फक्त मृत्यूवर उपाय सापडला नाही. मी 'अचाट' वापरते. अचाट धाडसाचं आपण कौतुकही करतो आणि त्याला घाबरतोही.

नाच विसरणं

ऑर्केस्ट्रा हा शब्द आपल्याकडे गाण्यांच्या कार्यक्रमाला चिकटला. ग्रीकमध्ये ती नाचायची जागा. अ‍ॅक्रॉपोलिसच्या दक्षिण उतारावर, दायोनिससच्या थिएटरात, प्रेक्षकांच्या सगळ्यात जवळ जी मोकळी जागा होती ती कोरसची. गाण्याचं पहिलं कडवं ज्या मात्रांचं, त्याच मात्रांचं त्याला उत्तर देणारं दुसरं कडवं, स्ट्रोफी आणि अँटिस्ट्रोफी. इतकी काटेकोर जोडी पायांसाठी असते. नाच कसा होता ते आज कुणी करून दाखवू शकत नाही, आणि सूरही जवळजवळ सगळे गेले. युरिपिडीजच्या 'ओरेस्टिस'मधल्या काही ओळींवर स्वरचिन्हं असलेला एक पपायरसचा तुकडा व्हिएन्नात आहे, तेवढ्यावर समाधान. पण म्हणून उभं राहायचं नाही. मी शब्द देण्याआधी आठवडाभर फक्त टाळ्या आणि पावलं देते, जोडीची कडवी त्याच पावलांनी. 'इडिपस'मध्ये कोरसचे म्हातारे विचारतात, अशा कृत्यांना मान मिळणार असेल तर मी नाचू कशाला? जो कोरस तोवर नाचलाच नाही, त्याच्या तोंडी ही ओळ मेलेली असते. आमच्या प्रयोगात त्या ओळीवर पावलं थांबली, तेव्हा खुर्च्यांचा आवाजही थांबला होता.

दारापाशी काय करायचं

नवऱ्याने टाकल्यावर स्वतःच्या मुलांना मारणाऱ्या बाईच्या, युरिपिडीजच्या 'मिडिया'बद्दल मला दर वर्षी विचारतात: आतून मुलं ओरडतायत, कोरसच्या बायका विचारतात आत जाऊ का, आणि जात नाहीत. हे पटत नाही, कापू का? कापू नका. इ.स.पू. ४३१ च्या या नाटकात त्या कोरिंथच्या बायकांनी सुरुवातीलाच मिडियाला शब्द दिलाय, की तू नवऱ्यावर सूड घेतलास तर आम्ही गप्प राहू. तेव्हा पोरांचा विषय नव्हता. तो शब्द द्यायचा क्षण नीट बसवा, मग दाराचा प्रवेश आपोआप बसतो. मी तिथे काहीच रचत नाही. बायकांना दारापासून सहा पावलांवर उभं करते, आतून मुलांना ओरडायला सांगते, आणि एवढंच म्हणते, जावंसं वाटलं तर जा.

गेल्या खेपेला एकजण गेली. तिचा हात दाराला टेकला, आणि मागून दुसरीने तिचा पदर धरला. तिने मागे वळून पाहिलं. आतला आवाज तेवढ्यात थांबला. प्रयोगात आम्ही तो पदर तसाच ठेवला.